चित्रात रक्त नसतं

ऑपरेशन थिएटरबाहेर निवृत्त पोस्टमनच्या डोळ्यांसमोर पेपर होता, पण कान शेजारच्या मायलेकींकडे होते.

“ह्यांच्या पोटात आत्ता काय चाललंय, ते काढून दाखव मला. डॉक्टरांच्या पुस्तकांतली चित्रं तूच काढतेस ना?”

“आई, आत्ता?”

“मग काय करू? नुसतं बसून जीव टांगणीला लागलाय गं.”

पेन्सिल खरखरली.

“हे पित्ताशय. ही नळी आधी बांधतात. आणि ही रक्तवाहिनी, हिला धक्का लागता कामा नये.”

“किती स्वच्छ दिसतंय सगळं!”

“चित्रात आम्ही रक्त दाखवतच नाही. नाहीतर काही दिसणारच नाही.”

“मग डॉक्टरांना कसं दिसतं?”

“ते पुसत राहतात.”

“आणि पुसूनही थांबलं नाही तर?”

“आई, बाबांचा चष्मा तुझ्याकडेच आहे ना?”

“आहे की. सकाळपासून पुसतेच आहे.”