उतारावर पाय सोडायची सवय

हाडांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेल्या शिंपीणबाईंचे कान शेजारच्या आजोबा-नातीकडे लागले होते.

"माझ्या जुन्या पोलादी सायकलचे गिअर काढलेस, ब्रेकही काढलेस. पण पायडल थांबेनात, हे काय?"

"आजोबा, फिक्स्ड गिअर असाच असतो. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच. थांबायचं तर पाय मागे रेटायचे. सांगितलं होतं ना?"

"उतारावर पाय सैल सोडायची जन्माची सवय. सायकलीनं मलाच पळवलं. घर मागे गेलं, तुझ्या आजीला नुसता हात केला."

"ती म्हणाली, लग्नातही एवढे खुशीत नव्हता."

"गुडघा सुजलाय, तरी उद्या जाणार. ती कुठंय?"

"सायकलवर. बघते म्हणाली, एवढं काय आहे त्यात."

"थांबायचं कसं, सांगितलंस?"

"मघाशी खिडकीवरून गेली, तेव्हा तेच सांगायला उठले होते."

शिंपीणबाईंनी उठून खिडकी सताड उघडली.

"आल्या बघा, हात करतायत. सांगा आता."