बाबलमामाच्या पोटातला राखणदार

डॉक्टरांनी पेशंटला फार सोपं करून सांगू नये, असं माझं आमच्या बाबलमामामुळे ठाम मत झालंय. मामाची कोकणात मिठबावला आंब्याची बाग. कलमांना फवारणी, तशी मामाला अँटिबायोटिक. शिंक आली, घे गोळी! त्यात खुब्याचं ऑपरेशन झालं आणि हॉस्पिटलातच असे जुलाब लागले की कुठलंच औषध लागू पडेना.

डॉक्टर म्हणाले, "मामा, हा हॉस्पिटलातला चिवट जंतू आहे. आपल्या आतड्यात चांगले जंतू असतात, ते अशांना थारा देत नाहीत. तुम्ही ऊठसूट गोळ्या खाऊन तेच मारलेत."

"म्हणजे राखणदार! दिसणा नाय, पण बाग राखता, तसो."

"अगदी बरोबर!" डॉक्टर खूश. "उशाखाली लपवलेल्या त्या गोळ्या आजपासून बंद."

आता राखणदार म्हणजे आमच्याकडे जागेचा देवच; तो दुखावला म्हटल्यावर चारचौघांना घेऊन त्याला गाऱ्हाणं घालणं आलंच. संध्याकाळी भेटायला आलेली सगळी वाडी मामाने खाटेभोवती उभी केली आणि पोटावर हात ठेवला.

"बा राखणदारा म्हाराजा, ह्या लेकरान नकळत तुझ्यावर औषध मारल्यान, ती चूक पोटात घाल!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि अशी चूक परत कोणाच्या हातून होव देव नको!"

"व्हय म्हाराजा!"

दारात उभ्या डॉक्टरांना भरून आलं. तेवढ्यात सगळ्यात मोठ्याने ओरडणारा आमचा शेजारी दिग्या शिंकला.

मामाने लगेच उशाखाली हात घातला. "दिग्या, ह्या पाकीट घे. माका डॉक्टरान बंद केल्यान, फुकट कशाक घालवूचा?"