मामाची गाडी, मेव्हण्याचं पासिंग

मंडळी, ऐका! टाळ जरा मांडीवर ठेवा. मृदंगवाले महाराज, तुम्ही पण हात आवरा. अभंगात तुम्ही माझ्या पुढं पळत होतात, आता आख्यानात मला पुढं जाऊ द्या!

देवा पांडुरंगा, आज माझ्या जिभेवर जरा कडू येणार आहे. विटेवरनं हलू नकोस, ऐकून घे.

सवाल असा आहे, मंडळी — राजानं न्याय सोडून कर लावला, तर तो कर चुकवणारा माणूस पापी म्हणायचा का शहाणा?

हं! हलल्या माना! "शहाणा, शहाणा!" त्या खांबाजवळची टोपी तर एवढी हलली की पडायलाच आली होती. का हो बापू? लई लागलंय वाटतं मनाला?

लागणारच! मला पण लागतं! अहो, पेट्रोल भरायला जावं तर मूळ पेट्रोल राहतं बाजूला — त्याच्यावर कर, त्या करावर आणखी एक, आणि वर उपकर! नाव बघा कसं गोड — उपकर! जसा काय उपकारच केलाय! कुठली तरी अडचण आली म्हणून तो लावला. अडचण गेली. उपकर गेला का? नाही! वहिनीच्या माहेरचा पाव्हणा जसा — आला होता आजारी माणसाला बघायला. माणूस बरा होऊन शेतात गेला, पाव्हणा अजून अंथरुणावर!

आणि नवी गाडी घ्या — पुन्हा तेच! गाडी घरी यायच्या आधी तिचं बारसं सरकार करतं. नंबर सरकार देतं, नाव सरकार लिहितं, आणि पाळण्याचे पैसे मागतं बापाकडनं! दर वर्षी पाळणा महाग! बरं, कशासाठी? म्हणे रस्त्यासाठी! कुठाय रस्ता? मी आत्ता त्याच रस्त्यानं आलो. माझी पगडी पुढच्या सीटवर, मी मागच्या सीटवर, आणि विणेकऱ्याची वीणा — ती अजून सुरात आली नाही!

तर असल्या करापुढं माणसानं करावं काय? ऐका.

दोन राज्यांच्या हद्दीवर चिंचोणी नावाचं गाव. अलीकडचं राज्य कुठलं, पलीकडचं कुठलं — नाव घेत नाही. दोन्हीकडं माझी कीर्तनं असतात! एवढंच सांगतो, अलीकडं कर जास्त, पलीकडं कमी. मग काय! चिंचोणीत रीतच पडली — अलीकडचा एक थेंब टाकीत पडू द्यायचा नाही! काटा लाल झाला तरी चालेल, गाडी ढकलत न्यायची, पण टाकी भरायची ती हद्द ओलांडून. अलीकडच्या पंपावर चिटपाखरू नाही. पंपवाला कडुनिंबाखाली खुर्ची टाकून दिवसभर रस्त्याकडं बघत बसायचा. गावातली माणसं त्याला रामराम सुद्धा गाडी न थांबवता करायची — थांबली तर भरावं लागेल की काय!

ह्या गावात शिवगोंडा खोत. हा नुसता टाकी भरून गप्प बसणारा नव्हे! त्यानं मोठी गाडी घेतली — सगळं घर मावेल अशी — आणि पासिंग केलं पलीकडं! कुणाच्या नावावर? बायकोच्या भावाच्या! बसगोंडाच्या! पैसे शिवगोंडाचे, हप्ते शिवगोंडाचे, सकाळी फडकं मारणार शिवगोंडा — आणि कागदावर मालक मेव्हणा! रोज ओट्यावर बसून मिशीवर हात फिरवायचा, "सरकारला टोपी घातली बघा! हे सरकार म्हंजे काय, नुसतं लुटायला बसलंय! माझ्या पुढ्यात येऊ दे, नाय खडसावलं तर नावाचा शिवगोंडा न्हवं!" आणि ओट्यावरचे सगळे, "व्हय, व्हय!" म्हणत चहा प्यायचे. बघून बघून गावातल्या सगळ्यांनी गाड्यांचं पासिंग पलीकडंच केलं.

आता शिवगोंडाची बहीण अक्काताई. तिची एकुलती एक लेक राजमती. पोरीचं लग्न ठरलं पिंपळ्याच्या धन्यकुमारशी. पिंपळं कुठं? उत्तरेला. हद्द कुठं? दक्षिणेला! हे ध्यानात ठेवा, मंडळी!

नवरीला बोहल्यापर्यंत कुणी न्यायचं? मामानं! मामाशिवाय नवरी बोहल्यावर चढत नाही. त्यामुळं वऱ्हाडाची सगळी जबाबदारी मामाची. लग्नाच्या सकाळी राजमती शालू नेसून, मुंडावळ्या बांधून गाडीत बसली. गाड्या निघाल्या — आणि मामाची गाडी वळली दक्षिणेला!

अक्काताई ओरडली, "दादा, अरं पिंपळं हिकडं न्हाई!"

"ठाव हाय गं! टाकी मोकळी हाय. भरून येऊ."

"आन् मुहूर्त?"

"मुहूर्त दुपारचा हाय. डिझेलचा भाव आत्ताचा हाय!"

ऐकलंत? लेकीसारखी भाची शालूत घाम पुसतेय, आणि हा डिझेलच्या भावाचा विचार करतोय! आणि त्याच्या मागं अख्खं वऱ्हाड! एकानं तरी म्हणावं की नाही, की बाबा, आज राहू दे? पण रीत म्हणजे रीत!

गेले पलीकडच्या पंपावर. तिथं ही रांग! आणि रांगेच्या टोकाला, शिडीवर चढून एक पोरगा भावाचा फलक पुसत होता. जुना आकडा गेला, नवा आला. शिवगोंडानं डोळे चोळले.

"काय रं, हे काय?"

"मामा, आमच्या सरकारनं पण वाढवलं की! आता तुमच्यात आन् आमच्यात एकच भाव."

झालं! मुळावरच घाव! आता माणसानं काय करावं? तसंच माघारी फिरावं! पण नाही! शिवगोंडा म्हणतो, "एवढं आलोयच तर भरूनच घेऊ." का? कशासाठी? त्याला विचारू नका, त्याला पण माहीत नाही! उन्हात रांगेत उभा राहिला, टाकी गळ्यापर्यंत भरली, तिथनंच मेव्हण्याला लग्नासाठी गाडीत घेतलं, आणि आता निघाला उत्तरेला.

हद्द ओलांडली — आणि अलीकडच्या बाजूला गाड्यांचा कर तपासणारं पथक!

मंडळी, तुम्ही पाण्यात खडा टाकल्यावर मासे कसे पांगतात ते बघितलंय? तसं वऱ्हाड पांगलं! साहेबांची टोपी दिसली मात्र — एक गाडी उसाच्या पाणंदीत, एक वीटभट्टीमागं, एक तर चक्क एका गोठ्यात शिरली, म्हैस बाहेर, गाडी आत! वाजंत्री गेले, भटजी गेले, रुखवत गेलं! उरली एकच गाडी — पुढं होती म्हणून सापडली. शिवगोंडाची!

साहेबांचं नाव इंगवले. खिडकीत वाकले. "गाडी कुणाची?"

शिवगोंडानं छाती काढली, "पाव्हण्याची. कार्यापुरती मागून आणलीय."

"रोज तर ह्याच रस्त्यावर बघतो मी हिला."

"पाव्हणा रोज येतो, साहेब. लई माया हाय त्याची!"

"पाव्हणा कुठाय?"

मागच्या सीटवरनं बसगोंडा उतरला. साहेब म्हणाले, "खरं सांगा. गाडी ह्यांची असंल तर ह्यांनी इथला कर आणि दंड भरायचा, पावती घ्यायची, आणि खुशाल लग्नाला जायचं. गाडी तुमची असंल तर तुम्ही ती आत्ताच्या आत्ता पलीकडं घेऊन जायची. बोला, कुणाची?"

बसगोंडानं दाजीकडं बघितलं. अक्काताईनं पण बघितलं. राजमतीनं मुंडावळ्या बाजूला सारून बघितलं. एक शब्द, मंडळी! "माझी" म्हणायचं! एवढ्यात पोर मांडवात!

आणि शिवगोंडा म्हणाला — "गाडी पाव्हण्याचीच हाय!"

अरे देवा! देवा, तू त्या क्षणाला काय करत होतास? कानात बोटं घातली असशील!

बसगोंडानं शांतपणानं हात पुढं केला. "दाजी, किल्ली द्या."

"आरं... खरंच जातोस व्हय?"

"साहेब बघायलेत. आन् दाजी, कागद तर माझ्याच नावाचा हाय की!"

बसला, गाडी फिरवली, गेला! गळ्यापर्यंत भरलेली टाकी घेऊन गेला! ती गाडी अजून त्याच्याच दारात आहे म्हणतात. सकाळी फडकं आता तो मारतो. बायकोच्या भावाशी भांडणार कोण? आणि कुठल्या तोंडानं?

रस्त्यावर उरले कोण? मामा, बहीण आणि शालूतली पोर. वर ऊन. मुहूर्त जवळ. अक्काताईनं डोळ्याला पदर लावला. राजमती रडली नाही. ती मामाला एवढंच म्हणाली, "मामा, गाडी पाव्हण्याची. मी कुणाची, ते तरी एकदा सांगून टाका."

शिवगोंडाची मिशी खाली आली.

साहेबही लेकीचा बाप! म्हणाले, "रडू नका ताई. माझ्या जीपमधनं पोचवतो. ड्रायव्हर, गाडी काढ!"

ड्रायव्हरनं किल्ली फिरवली. घर्रर्र... घर्रर्र... फुस!

"काय झालं?"

"साहेब, डिझेल संपलं."

"मग भर की!"

"मागचं बिल वर अडकलंय, साहेब. पंपवाला उधार देईना."

हसू नका! हसण्यासारखं आहे का हे? साऱ्या दुनियेकडनं कर गोळा करणारी जीप — आणि तिच्यात डिझेल नाही! मग हा एवढा कर जातो कुठं? कुणाच्या टाकीत? मी विचारतो, मंडळी, मी विचारतो! पण मला कोण सांगणार? मी तर एक बुक्का लावणारा माणूस!

मग काय! साहेब मागनं ढकलतायत, ड्रायव्हर ढकलतोय, आणि मधोमध शिवगोंडा, लग्नाचा फेटा बांधून, सरकारी जीप ढकलतोय! आत नवरी. ढकलत ढकलत कुठं आले? अलीकडच्या पंपावर! कडुनिंबाखालचा माणूस खुर्चीतनं उठला, डोळे चोळले.

"शिवगोंडा? वाट चुकलास काय रं?"

"डिझेल घाल."

"कशात?"

"सरकारात!" आणि त्यानं खिशातनं नोटा काढल्या. करासकट, उपकरासकट, जन्मभर चुकवलेल्या सगळ्याच्या नावानं — सरकारच्या जीपमध्ये, सरकारच्या भावानं, सरकारचं डिझेल भरलं शिवगोंडानं! पंपवाल्याला एवढा आनंद झाला की त्यानं काचा पण पुसून दिल्या.

पोचले, मंडळी, पोचले! भटजी म्हशीच्या गोठ्यातनं सुटून चालत पोचले होते, त्यांनी पूजा ओढूनताणून लांबवली होती. शेवटच्या घटकेला मामानं भाचीचा हात धरला, बोहल्यावर नेली, अक्षता पडल्या. वाजवायला कोणी नव्हतं — वाजंत्री अजून उसात! ते ताशे घेऊन पोचले तोवर पंगत बसलेली.

पण आख्यान इथं संपत नाही. ऐका.

साहेबांना आग्रह करून पहिल्या पंगतीला बसवलं. समोर सगळी चिंचोणी — गाड्या लपवून, पायी आलेली. ओट्यावरची ती सगळी तोंडं! नवऱ्याला घास भरवायची वेळ आली, बायका म्हणाल्या, "नाव घे, नाव घे!" राजमती उभी राहिली. जिलबी हातात. आणि म्हणाली —

"जिलबी वाढली पानात, सरकार बसलं पुढ्यात,
धन्यकुमाररावांचं नाव घेते — मामांचा आवाज का अडकला घशात?"

आं? पोर तशीच उभी. "मामा, रोज ओट्यावर म्हणत होता, सरकार पुढ्यात येऊ दे. हे काय, आलंय! बोला की! कर लई झालाय म्हणा. रस्ता कुठाय विचारा. तुम्ही पण बोला, काका. सगळे बोला!"

आणि साहेब — खरंच भला माणूस! — म्हणाले, "बोला हो. तक्रार द्या. सगळ्या गावाची सही असली तर मी माझ्या हातानं वर पोचवतो. ह्या हद्दीवरनं आजपर्यंत एकही तक्रार गेली नाही, म्हणून वरचे म्हणतात, लोक सुखात आहेत, आणखी वाढवा!"

मंडळी, असा मोका येतो का पुन्हा? सगळी पंगत शिवगोंडाकडं बघायला लागली. शिवगोंडा उठला. घसा साफ केला.

"साहेब..."

"हां, बोला!"

"...आणखी एक जिलबी वाढू का?"

बस! कुणी बोललं नाही! कोण बोलणार? ह्याची गाडी पाणंदीत, त्याची भट्टीमागं, भटजीची गोठ्यात! सही करायची म्हणजे नाव सांगायचं, नाव सांगितलं की साहेब विचारणार — गाडी कुठाय? जिलब्या संपल्या, साहेब गेले, आणि पुढच्या महिन्यात कर पुन्हा वाढला. राजमती सासरी गेली. मागं वळून मामाकडं बघितलं नाही तिनं.

आता सांगा माझ्या सवालाचं उत्तर! चुकवणारा पापी का शहाणा? पाप-पुण्य देव बघील, त्याचं खातं वेगळं. मी एवढंच सांगतो — जो चोरवाटेनं पळाला, त्याचं तोंड गेलं! कर लावणाऱ्याला दुसरं काय पाहिजे? पैसे मिळाले नाहीत तरी चालेल, तोंड बंद पाहिजे! आणि ज्याला पळायला वाट नाही — तो भाजीवाला, ती दूध घालणारी बाई — ते बिचारे तुमच्या वाटणीचं पण भरतात, तुमच्या वाटणीचं पण सोसतात.

का हो, हसायचं थांबलं? मगाशी देवळाला प्रदक्षिणा घालताना मी बघितलंय — मागच्या चिंचेखाली गाड्या अशा लावल्यात की नंबर भिंतीकडं! एका नंबरावर तर देवाचाच हार घातलाय! देवाला पण सामील करून घेतलं!

उद्या काल्याला मंत्रीसाहेब येणार आहेत. तुमच्याच पंगतीला, तुमच्याच पुढ्यात बसणार. तेव्हा कर का वाढवला म्हणून उभं राहून विचारणार कोण? आत्ता हात वर करा. बुक्का लावतो, हा माझ्या गळ्यातला हार त्याच्या गळ्यात घालतो, आणि सगळ्यांच्या आधी त्याच्या पाया पडतो.

करा वर.

...बापू? टोपी हलवू नका, हात वर करा.

...कोणीच नाही?

मृदंगवाले महाराज — वाजवा. जोरात वाजवा. ही शांतता देवाच्या कानावर जायला नको.