विहिरीतले सव्वीस दगड

तारीख १० मे १९५८, शनिवार. जबाब लिहायला सुरुवात दुपारी १२ वाजून १० मिनिटांनी.

माझे नाव प्रेमदास वल्द लहानूजी ताकसांडे, वय ३१ वर्षे, धर्म बौद्ध, धंदा प्राथमिक शाळेत मास्तर, राहणार मौजा गोटाळा, तहसील हिंगणघाट, जिल्हा वर्धा. जमादार मधुकरराव यांच्यासमोर हजर राहून सांगतो की, मी आज सकाळी ११ वाजता सायकलने ठाण्यात आलो. माझ्या आधी एका बकरीचा जबाब चालू होता. तो संपायला एक तास दहा मिनिटे लागली. बकरी सापडलेली होती.

माझे मागणे एवढेच आहे. गोटाळा फाट्यावर रस्त्याचे काम चालू आहे. तिथे मोठ्या बाभळीसमोर आज सकाळी गिट्टी पसरली आहे. तिच्यावर चार वाजता मुरूम पडणार आहे. त्यातल्या पाच हात जागेवरचा मुरूम उद्या सकाळपर्यंत थांबवावा. शिपाई पाठवून एवढे सांगितले तरी माझे काम होते, बाकीचा जबाब चारनंतर लिहिला तरी चालेल. जमादारांनी सांगितले की पहिल्यापासून लिहिल्याशिवाय काही करता येत नाही. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

आमच्या वस्तीला आजवर स्वतःची विहीर नव्हती. उन्हाळ्यात बायाबापड्या नाल्याच्या आटलेल्या डोहात झिरा खणून, त्यात पाझरेल तेवढे पाणी भरत. गेल्या डिसेंबरात वस्तीने ठरवून विहीर खणायला घेतली. सरकारकडून सुरुंगाची दारू आणि पहारी मिळाल्या, खणणारे हात आमचेच. माती संपून दगड लागल्यापासून मी दर हातागणिक एक दगड काढून ठेवत गेलो. नारळाएवढा एक, आणि त्यावर चुन्याने नंबर. वरचा तो एक, तळाचा तो सव्वीस. वस्तीत लोक हसत. माझी बायको कमला म्हणाली, "शाळेतली पोरं कमी पडली का, तं आता गोट्यायची हजेरी घेऊन राह्यले?" मी तिकडे लक्ष दिले नाही.

त्या दगडांत काय होते असे जमादारांनी विचारल्यावरून सांगतो. एक ते चौदा आपला नेहमीचा काळा दगड. तो एके काळी वितळलेला होता आणि जमिनीच्या भेगांतून वर येऊन पसरला. पंधरा नंबर विटेसारखा लाल. तो चिखल होता, वरून वितळलेला दगड वाहत आला म्हणून भाजला. सोळा, सतरा, अठरा करड्या रंगाचे, घट्ट झालेला गाळ. त्यांत गोगलगायी आहेत, दगड झालेल्या, आणि लव्हाळ्याचे ठसे. एकोणीस नंबरला भेगा पडलेल्या होत्या आणि भेगांत वरचा गाळ भरलेला होता. म्हणजे तळे आटले, चिखल उन्हाने फाटला आणि पुन्हा पाणी आले. उन्हाळा तेव्हाही होता. वीस ते सव्वीस पुन्हा काळा दगड. म्हणजे दोन वेळा आग आली आणि मधल्या काळात, किती हजार वर्षे ते मला सांगता येत नाही, आमच्या विहिरीच्या जागी तळे होते.

जमादारांनी विचारले, गिरडच्या टेकडीवर फकिराच्या शब्दाने नारळाचे दगड झाले तसे काय? गिरडची गोष्ट श्रद्धेची आहे, तिच्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. जमादारांनी विचारले, मग इथे समुद्र होता काय? नाही. गोगलगायी गोड्या पाण्यातल्या आहेत. हे मी दोनदा सांगितले आहे, तरी कागदावर समुद्र असे लिहिले गेले होते. ते खोडायला लावले.

हे मी नागपूरच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणारे प्रभाकरराव बिडवई यांना फेब्रुवारीत कळवले. त्यांचे उत्तर माझ्या खिशात आहे. त्यांनी लिहिले की गोटाळ्याकडे असा थर कोणी नोंदवलेला नाही. गोगलगायींचे शंख वरच्या मातीतून विहिरीत पडले असतील, खणणाऱ्याची अशी फसगत होते. दोन काळ्या दगडांच्या मध्येच ते आहेत हे विहिरीच्या भिंतीत दिसले, किंवा क्रमाने काढलेले दगड मिळाले, तर ते मान्य करतील आणि माझ्या नावानिशी छापतील. मी मॅट्रिक आहे. खणणारा म्हणाला म्हणून कोण मानतो?

विहिरीची भिंत का दाखवली नाही, असे विचारल्यावरून सांगतो. नेमका तो गाळाचा थर ठिसूळ होता आणि ढासळत होता. एप्रिलच्या मध्यावर वस्तीची बैठक झाली. वस्तीतले वडीलधारे भैयाजी यांनी सगळ्यांदेखत मला विचारले, "मास्तर, बुद्ध जयंतीले पाणी भराचं हाय. आतून बांधून घेऊ का तुया सायबासाठी उघडी ठेवू? तू म्हणशीन तसं." सगळ्या बाया माझ्याकडे पाहत होत्या. मी म्हटले, बांधा. माझ्याकडे सव्वीस दगड आहेत, भिंत कशाला पाहिजे. ३ मे रोजी बुद्ध जयंतीला पाणी भरले. पाणी गोड आहे. मला त्याचा आनंद झाला आणि तो अजून आहे, हेही लिहावे. पण आता ती भिंत बांधकामामागे गेली, पुन्हा दिसायची नाही.

प्रभाकरराव आज सकाळी ९ वाजता जीपने चांद्याकडे जाणार होते आणि फाट्यावर थांबणार होते. गावात यायला नाल्यातून जीपचा रस्ता नाही. म्हणून काल शुक्रवारी संध्याकाळी मी बैलगाडीतून दगड फाट्यावर नेले आणि बाभळीखाली एक ते सव्वीस ओळीने मांडले. नंबर पुसट झाले होते म्हणून चुना कालवून पुन्हा ठळक घातले. चुना जास्त झाला होता, तो फेकून देण्यापेक्षा ओळीच्या दोन्ही टोकांना शिंपडला, कोणाची गाडी वरून जाऊ नये म्हणून. शहाणपणा नडला तो इथेच.

रस्त्याच्या कामावर रीत अशी आहे की गिट्टीचा किंवा दगडाचा ढीग मोजला, की साहेब त्यावर चुन्याचे पाणी मारतो. चुना लागला म्हणजे माप झाले, माल पास, आता तो फोडून रस्त्यात घालायचा. हे तिथली लहान पोरेही जाणतात. मी रोज त्याच रस्त्याने शाळेत जातो, तसे चुन्याचे ढीग रोज पाहतो. मला ते आठवले नाही. मी तेव्हा तळ्याचा विचार करत होतो.

आज सकाळी ७ वाजता मी फाट्यावर गेलो तेव्हा बाभळीखाली काही नव्हते. जमिनीवर चुन्याचे डाग होते. उन्हाच्या आत काम उरकावे म्हणून लोक पाच वाजताच कामाला लागले होते. कामावरचे मिस्त्री बंडूजी यांना मी विचारले. ते म्हणाले, "चुना मारेल होता, नंबर टाकेल होते. साहेब काल येऊन माप करून गेले असं समजलो. तुमचे होते तं चुना काऊन मारला?" मी म्हटले, निदान ती गिट्टी उचलून द्या. ते म्हणाले, "पसरेल गिट्टी मले उचलता येत नाई मास्तर. चार वाजता मुरूम हाय. पोलीस थांबवतीन तं थांबतो, तुमच्या म्हणण्यावर नाई." बंडूजी माझ्याशी उर्मटपणे बोलले नाहीत. बोलले असते तर मला भांडता आले असते.

तेवढ्यात गिट्टी फोडणारी सुंदराबाई मंगरू उईके ही स्वतःहून पुढे आली. तिने पदराची गाठ सोडून एक दगड काढला. तो सतरा नंबर होता, अख्खा. ती म्हणाली, "बाकीचे म्याच फोडले. याच्यात गोगलगाय दिसली. तिच्यावर हातोडा माराले हात नाई झाला. घरी नेऊन पोरीले दाखवीन म्हटलं. तुमचा असन तं घ्या." मी तिला विचारले, फोडलेले कुठे टाकले? तिने जागा दाखवली. "आठ टोपले झाले, या बाभयीसमोरच. चुना लागेल तुकडे अजून दिसून राह्यले." मी वाकून पाहिले. खरोखर दिसत होते. एका तुकड्यावर वीसमधला शून्य होता आणि एक तुकडा लाल होता.

९ वाजता प्रभाकरराव आले. मी त्यांना सतरा नंबर पाहायला दिला. त्यांनी तो भिंगातून पाहिला. "गोगलगाय उत्तम आहे," ते म्हणाले. "पण हिच्या वर काय होतं आणि खाली काय होतं, हे ही एकटी कसं सांगणार?" थरांच्या नोंदीची माझी वही त्यांनी चाळली आणि दगडासकट परत दिली. वहीत कोणीही काहीही लिहू शकतो असे ते म्हणाले नाहीत, पण तेच म्हणाले. ते उद्या सकाळी ८ वाजता परत फाट्यावरून जाणार आहेत. तोपर्यंत लाल तुकडा, भेगांचा तुकडा आणि वर-खालचे नंबर दिसणारे काळे तुकडे मिळाले, तरी ते मान्य करायला तयार आहेत. ते पुन्हा गोटाळ्याकडे येणार नाहीत.

म्हणून मी सात मैल सायकल मारत इथे आलो. वाटेत चेन दोनदा पडली. मुरूम पसरून, पाणी मारून, वर रोलर फिरला म्हणजे ती गिट्टी कुदळीने खणूनही ओळखू यायची नाही.

दुपारी १ वाजून २५ मिनिटांनी जमादार जेवायला गेल्यामुळे जबाब थांबला. २ वाजून ४० मिनिटांनी पुढे सुरू झाला.

जमादारांनी मालाची किंमत विचारली. किंमत नाही. किंमत नसल्यास चोरी लिहिता येत नाही असे सांगण्यात आले. मी म्हटले, चोरी लिहूच नका, मुरूम थांबवा. जमादारांनी सांगितले की मुरूम थांबवण्याचे कलम नाही, चोरीचे आहे, आणि माल सुंदराबाईच्या पदरात सापडला असल्यामुळे तिला आणायला शिपाई पाठवता येतो. तो शिपाई सायकलने ३ वाजून ५० मिनिटांपर्यंत फाट्यावर पोचला असता. गेलाच आहेस तर मिस्त्रींनाही थांबायला सांग, असे त्याच्या कानावर घालता आले असते. हे जमादारांनी मला समजावून सांगितले, आणि ते माझ्या भल्यासाठीच सांगत होते.

भिंतीवरचे घड्याळ माझ्या समोरच होते. मग सांगितले की सुंदराबाई मंगरू उईके हिच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. सव्वीसांतला एक दगड ज्या माणसाने ओळखला ते माणूस तीच आहे. तिचे नाव आरोपी म्हणून लिहायचे असेल तर मी सही करणार नाही. बंडूजी मिस्त्री यांच्याविरुद्धही तक्रार नाही. चुना मी मारला.

मग कोणाविरुद्ध, असे विचारल्यावरून सांगतो की, मला माहीत नाही. मी ११ वाजता आलो होतो.

३ वाजून १५ मिनिटांनी शिपाई बाजारातल्या भांडणाकडे पाठवण्यात आला. मी स्वतः जातो म्हटले, तर अर्धवट जबाब सोडून जाता येत नाही असे सांगण्यात आले. सतरा नंबरचा दगड पुरावा म्हणून ठाण्यात जमा करायला सांगितले, तो मी दिला. जमा केलेला माल स्वच्छ असावा लागतो, म्हणून तो ओल्या फडक्याने पुसण्यात आला. मी नको म्हणेपर्यंत चुन्याचा नंबर पुसून गेला होता. मग त्यावर शाईने ठाण्याचा नंबर एक टाकून कपाटात ठेवला. पावती मिळाली.

४ वाजून ३५ मिनिटे झाली आहेत. आता मुरूम थांबवण्याची मागणी राहिलेली नाही, ती खोडावी. खोडता येत नसल्यास राहू द्यावी.

वरील मजकूर जमादारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच लिहिला आहे. फक्त शेवटी दगडाचा नंबर एक असा लिहिला आहे, तो सतरा आहे.

सही
प्रेमदास लहानूजी ताकसांडे