चोविसाव्या रांगेतल्या दोन खुर्च्या

नेब्रास्कातला दवाखाना. बाळाच्या लसीसाठी मी ताटकळत होते. शेजारी एक आजोबा, त्यांची लेक आणि तिच्या मांडीवर तान्हं.

"बाबा, कॉलेजच्या फुटबॉल स्टेडियममध्ये दरवर्षी राखून ठेवतो त्या आपल्या दोन खुर्च्यांची मुदत आज संपतेय. यंदाही ठेवायच्या ना?"

"सोडून दे."

"आई असती तर तुम्हालाच घराबाहेर काढलं असतं."

"तुझी आई संघातल्या प्रत्येक पोराला वाढदिवसाचं कार्ड पाठवायची. चार वर्षं तीच पोरं, मागच्या रांगेत त्यांच्या त्याच आया. आता जास्त पैसे देणारं कॉलेज दिसलं की पोरगं वर्षात तिकडे."

"मिळू देत की पैसे. गुडघे त्यांचेच मोडतात."

"घ्यावेतच त्यांनी. पण नावं पाठ होईपर्यंत संघच बदलतो गं. दमलो मी."

"मग सोडते हं. बघा, फोनवरचं बटण दाबतेय."

"दाब."

तिनं दाबलं. मग बाळाचा निसटलेला मोजा चढवताना तिचं लक्ष आजोबांच्या खिशाकडे गेलं.

"खिशातलं ते पाकीट कसलं?"

"केलनचं कार्ड. शुक्रवारी एकविसावं लागतंय त्याला."

"बाबा, तो आपला संघ सोडून आयोवाच्या कॉलेजात गेला. आपल्याच विरुद्ध खेळणार आहे."

"माहितीये. तिथला पत्ता तेवढा शोधून दे."