मफलरचं टोक

नाही, पासपोर्ट साइज नाही काढायचा मला. लग्नाचा अल्बम न्यायलाही नाही आले — ते मी खाली स्कूटरवर बसलेत त्यांना सांगितलं, तुम्हाला नाही. माझा फोटो तुम्ही आधीच काढून बसलात, काका. हा घ्या, जरा उजेडात धरा. तो तेलाचा डाग सोडून द्या, आमच्या घरी पेपर माझ्यापर्यंत येईस्तोवर त्याच्यावर कोणीतरी भजी ठेवलेली असतात. आता पाहा — हा फोटो, आणि ही मी. हो, मीच! काळ्या साडीशिवाय ओळखू येत नाही का? खाली बारीक अक्षरात लिहिलंय, छाया — चिंतामणी. तेवढ्यावरून शोधत आले. कमानिया गेटपाशी तीन जणांना विचारलं, तिसऱ्याने जिना दाखवला, म्हणाला, ऊपर चली जाइए दीदी, शादी-ब्याह के अच्छे खींचते हैं. मी मनात म्हटलं, हो, आणि झालेली लग्नं मोडायचेही.

बसते. पाणी नको. मी कमी बोलते, काका, सगळे म्हणतात — सासूबाई तर पाहुण्यांना सांगतात, आमची विभावरी म्हणजे घरात आहे की नाही कळत नाही. वर्ध्याहून जबलपुरात आलेली ना, तिकडच्या मुली गरीब. तीन महिन्यांत मी त्या घरात जेवढी बोलले नाही तेवढं आज तुमच्यासमोर बोलणार आहे, ऐकून घ्या. आमच्याकडे पेपरचा क्रम आहे. आधी भय्यासाहेब — म्हणजे माझे सासरे — पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत, चष्मा पुसत. मग हे, फक्त क्रिकेट. मग सासूबाई, राशिभविष्य आणि कोण गेलं ते. मग मी, भांडी झाल्यावर. देशात काय चाललंय ते मला संध्याकाळी पाचला कळतं. पण माझी स्वतःची बातमीसुद्धा मला सगळ्यात शेवटी कळावी? दूधवाल्याला माहीत, समोरच्या शर्मा दीदींना माहीत, त्यांच्या कामवाल्या बाईला माहीत, आणि मी आत पोहे परतून राहिले!

वाचू? पाठच आहे. "परदे का नशा — नायिका जैसा काला लिबास और सफेद मोतियों के गहने पहनकर फिल्म देखने अकेली ही पहुँच गई दीवानी." दीवानी! कोणाची? त्या नायिकेचं पोस्टर मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, तिने काळं नेसलं होतं यात माझा काय गुन्हा? आणि सफेद मोती म्हणे. तुम्ही मराठी आहात ना? आत्ता आतल्या खोलीत कोणाला तरी "अगं, दार लोटून घे" म्हणालात, मी ऐकलं. मग तर मला आणखीच राग आला. दुसऱ्या कोणाला नसतं कळलं तर मी समजले असते. शर्मा दीदींनी सकाळीच विचारलं होतं, शादी के बाद पहला त्यौहार और काला? — मी सांगितलं त्यांना, आमच्यात संक्रांतीला काळंच नेसतात, नव्या सुनेला तर मुद्दाम. त्या बिचाऱ्या अच्छा म्हणाल्या, तीळगूळ घेऊन गेल्या. पण तुम्ही? तुमच्या घरातही कोणी लेक-सून असेल. हलव्याचे दागिने ओळखू आले नाहीत तुम्हाला? माझ्या आईने महिनाभर केलेत ते, शेगडीच्या मंद आचेवर, एकेक थेंब पाक टाकत, बोटांची कातडी निघाली तिची — हार, बाजूबंद, बांगड्या, कानातले, बिंदीसुद्धा. वर्ध्याहून डब्यात कापूस घालून पाठवले. आणि तुमच्या पेपरने ते एका झटक्यात सिनेमातल्या बाईची नक्कल करून टाकले.

काय? तुम्ही नाही लिहिलं. ऑफिसात लिहितात. तुम्ही फक्त फोटो दिला. बरं. असंच असतं — एकाने फक्त फोटो दिला, दुसऱ्याने फक्त लिहिलं, तिसऱ्याने फक्त वाचून दाखवलं, आणि एक जण फक्त गप्प बसला.

तो हॉर्न आमचाच आहे. वाजू द्या.

त्या दिवशीचं सांगते, म्हणजे तुम्हाला कळेल मी काहून आले. सकाळी सगळे तिलवाऱ्याला गेलो, नर्मदेवर, जत्रेला. अंघोळी, खिचडी, गर्दी. तिथे भय्यासाहेब सोबत, तर हे माझ्या दहा पावलं पुढे — वळून पाहतील तर शपथ. मी कोणाच्या मागे चालून राहिले ते मलाच आठवेना, एकदा तर दुसऱ्याच कोणाच्या पाठीमागे निघाले होते. दुपारी राइट टाउनला यांच्या सत्यभामा आत्याकडे माझं हळदीकुंकू होतं. सजवून बसवलं. नाव घ्या, नाव घ्या. मी घेतलं — काळ्या साडीवर शोभतो पांढरा हलवा, नीलकंठरावांचं नाव घेते, आता चहा बोलवा. बायका हसल्या. आत्या म्हणाल्या, पोरगी दिसते तेवढी मुकी नाही. साडेपाचला हे घ्यायला आले. आत्याच्या फाटकाबाहेर पडलो आणि हे म्हणाले, चल, पिक्चर पाहू. मी म्हटलं, अहो, अशा अवतारात? दागिने उतरवू तरी द्या! म्हणाले, नको, असू दे, छान दिसून राहिलीस. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा म्हणाले हो. म्हणजे कोणी ऐकत नसताना. घरी काय सांगायचं? — आत्याने जेवायला थांबवलं म्हणू, मी सांगतो, तू काही बोलू नकोस. तू काही बोलू नकोस! ते मी इतकं पाळेन असं त्यांनाही वाटलं नसेल.

पिक्चर? कशाचं काय. नायिका रडत होती, नायक मोठमोठ्याने बोलत होता, सारी दुनिया से लड़ जाऊँगा वगैरे, आणि लोक शिट्ट्या मारून राहिले. बाल्कनीत आमच्या पुढे दोघं कॉलेजची. आणि हे — कसं सांगू, जाऊ द्या — अंधारात हे माझ्या बाजूबंदातले हलव्याचे दाणे तोडून खात होते. एकेक. मी हात मारला तरी. इंटरव्हलपर्यंत पाच खाल्ले. एवढंच. मला आत्ता त्या पिक्चरची गोष्ट विचाराल तर नाही सांगता येणार, पण पाच दाणे सांगता येतील. घरी आल्यावर सासूबाईंनी बाजूबंद पाहिला, म्हणाल्या, अगं, मुंग्या लागल्या वाटतं. मुंगी समोरच बसली होती, चहा पीत.

हे मी तुम्हाला काहून सांगून राहिले, कोण जाणे.

दोन दिवसांनी पेपर आला. भय्यासाहेबांनी सगळ्यांना बाहेर बोलावलं. उभं राहून वाचलं, मोठ्याने, जसं मंडळाच्या सभेत इतिवृत्त वाचतात तसं. मग माझ्याकडे नाही पाहिलं, यांच्याकडे पाहिलं. "तू कुठे होतास?" आता काका, तुम्ही पुरुष आहात, तुम्हीच सांगा, याला उत्तर काय? मी होतो — दोनच शब्द आहेत. नायकासारखं दुनियेशी लढायला कोणी सांगितलं नव्हतं. पिक्चर पाहणं हा काय खून आहे? भय्यासाहेब ओरडले असते, दोन दिवस बोलले नसते, झालं. तर हे काय म्हणाले? "ती म्हणाली आत्याकडच्या बायकांसोबत जाते. मी नऊला टॉकीजपाशी फक्त घ्यायला गेलो." फक्त घ्यायला! अठ्ठावीस वर्षांचा माणूस, फॅक्टरीत तोफेचे गोळे तपासून पास करतो. आणि बापासमोर असा!

मी काहून नाही बोलले? हेच विचारून राहिलात ना? मी वाट पाहत होते. मला वाटलं, आता म्हणतील. सासूबाई फोनकडे गेल्या — मला वाटलं, आता म्हणतील. आत्या फोनवर म्हणाल्या, आमच्याकडून तर कोणीच नाही गेलं पिक्चरला — मला वाटलं, आता तर म्हणतीलच. यांनी क्रिकेटचं पान उचललं. मग मी बोलले असते तर काय झालं असतं? नवी सून, आधी एकटी सिनेमाला जाते, वर नवऱ्यावर ढकलते. रात्री हे म्हणाले, थोडे दिवस जाऊ दे, बाबा विसरतील. बाबा विसरणारे नाहीत. त्यांनी माझ्या बाबांना पत्र टाकलं — मुलीला घेऊन जा, वळण लावून पाठवा. उद्या सकाळी बाबा नागपूरच्या बसने येऊन राहिले. शाळेत चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना वळण लावलं त्यांनी. उद्या त्या बैठकीत, त्या खुर्चीवर बसून, मान खाली घालून ऐकणार, की तुमच्या पोरीला ते नाही. हे मी होऊ देणार नाही, काका. म्हणून आले.

आता इकडे पाहा. फोटोचा उजवा काठ. ही रेघ दिसते? चॉकलेटी, टोकाला गोंडे. तुम्हाला वाटेल छपाईचा डाग. डाग नाही तो, मफलर आहे. माझ्या आईने विणला, लग्नात जावयाला द्यायला, असे तीन गोंडे जबलपुरात दुसऱ्या कोणाच्या मफलरला नसतील. म्हणजे टॉकीजच्या पोस्टरपाशी हे इथे होते. माझ्या बाजूला, अगदी लागून. शेंगदाण्याची पुडी यांच्याच हातात होती. तुमच्या ऑफिसवाल्यांनी कात्री लावली, अर्धा माणूस कापून टाकला, आणि वर लिहिलं अकेली! एक अख्खा नवरा कापला तुम्ही, काका, आणि मफलरचं टोक तेवढं ठेवलं. मला तो पूर्ण फोटो पाहिजे. माफी-बिफी नका छापू, परत माझंच नाव होईल. फक्त पूर्ण फोटो. उद्या बाबांच्या हातात ठेवायचाय, भय्यासाहेबांच्या देखत. मला एक शब्द बोलावा लागणार नाही.

आहे? शोधा, मी थांबते. तीन काढले होते? लागोपाठ? दिवा एकदाच चमकला असं वाटलं मला. असेल, मी डोळे मिटले असतील.

द्या.

हां — हा पाहा. हा पहिला. सांगितलं नव्हतं? हे बाजूलाच आहेत. पुडी मला देऊन राहिले, हसून राहिले. किती चांगले दिसतात हो हसताना. घरात नाही असे हसत. आणि मी पाहा कशी, पोस्टरकडे बोट करून काहीतरी बोलून राहिले — मी, बोलून राहिले! हाच. हाच पाहिजे मला. बाबांना एवढा पुरे.

दुसरा कशाला... दाखवा. यात हे सरळ तुमच्याकडे पाहतात. कॅमेरा दिसला वाटतं. पुडी? पुडी माझ्या हातात आली, यांचा हात सुटा. मला काहीच माहीत नाही, मी अजून पोस्टरवरच आहे.

आणि हा तिसरा. जो छापला तो.

थांबा, घेऊ नका. पाहू द्या.

काका, यात कात्री यांच्यावर कुठे लागली? हे तर... मध्ये हा पान खाणारा माणूस कोण? याच्या पलीकडे पाठ केलेला — मफलर नाकापर्यंत ओढलेला. वळताना या माणसापुढून मागे उडालं ते टोक. तेवढंच माझ्याजवळ राहिलं. दिवा चमकेस्तोवर किती वेळ लागतो तुमचा? तेवढ्यात एवढं लांब? तिलवाऱ्याला दहा पावलं चालायला त्यांना अर्धा दिवस होता.

आणि मी शेंगदाणे सोलून बाजूला हात पुढे केलाय. कोणाला देऊन राहिले मी? पान खाणाऱ्याला?

तुमच्या ऑफिसवाल्यांना मी उगीच बोलले. एवढ्या मोठ्या ओळीत तो एकच शब्द खरा लिहिला त्यांनी.

नाही. पाणी नको म्हटलं ना. रडत नाहीये मी. पहिला वेगळ्या पाकिटात नका घालू. हो, त्यानं काम भागेल, मला कळतं, बाबांची मान वर राहील. पण एकटा पहिला नेला तर तेही खोटंच, सगळ्यांना वाटेल ऑफिसवाल्यांनीच कापला. तिन्ही द्या. इथे टेबलावर मांडा, याच क्रमाने — पहिला, दुसरा, तिसरा. उद्या बाबांसमोर तोंड यांनी उघडायचं आहे, मी नाही. पण आधी यांना स्वतः पाहून घेऊ दे.

पुन्हा हॉर्न. उशीर होऊन राहिला म्हणत असतील, अल्बमला एवढा वेळ? ती खिडकी उघडा जरा. गज धरते, पडत नाही. ते पाहा — पानठेल्याच्या बाजूला, मफलर. अहो! — अहो म्हटल्याने या बाजारात कोण वर पाहणार आहे, सगळे कोणाचे ना कोणाचे अहो. बाजूला व्हा, काका. उखाणा नाही आज, सरळच घेते.

नीलकंठ! ओ नीलकंठ! वर या! — हो, तुम्हीच! काय पाहता इकडेतिकडे, सगळ्यांना ऐकू आलंय! फोटो पाहायला या!

बघा. थांबला हॉर्न.