न विचारलेली खोड

बसा मंडळी, बसा! मागच्या मायबायांनो, जरा पुढं सरका. देवाच्या दारात पुढचा-मागचा कोणी नसतो हे खरं, पण ऐकू तर आलं पाहिजे ना!

आत्ता आपण सत्याचं निरूपण ऐकलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. "बरोबर आहे, महाराज!" अहो, बरोबर आहे म्हणायला कुणाच्या खिशातलं काय जातंय? आता मी जरा वाकडं विचारतो. खोटं बोलू नये, हे ठरलं. पण समोरच्यानं विचारलंच नाही, आणि आपण सांगितलं नाही — तर ते खोटं का? बोला! — बघा, बोलती बंद! आपले यजमान तर मांडवाच्या छताकडं बघायला लागले!

तर ऐका. ही पोथीतली गोष्ट नाही. आपल्याच डोंगरपट्ट्यातली आहे. एका जुन्या गाडीची. हो, मोटारगाडीची! हसू नका. पूर्वी रथाच्या गोष्टी सांगायचे, तेव्हा कोणी हसलं नाही!

खोऱ्यात खाली वाघदरा नावाची वाडी. तिथं कोंडिबा शेलार राहायचे. पोरगा पलटणीत, सरहद्दीवर. घरात कोंडिबा आणि सून वनिता. आता या वाडीचं दुखणं काय, तर तालुक्याच्या दवाखान्यात जायचं म्हटलं की खिंड चढायची. उभा चढ! चढून पलीकडं उतरलं की मग दवाखाना. आदल्या साली वनिताला कळा सुरू झाल्या. भाड्याची जीप सांगितली. जीपवाला येतो येतो म्हणाला — आला उशिरा. खिंडीच्या पायथ्याशीच सगळं झालं, आणि लेकरू हाती लागलं नाही. वनितानं जीपवाल्याला बोल लावला नाही. कोंडिबांनीही कुणाला दोष दिला नाही. पण त्या दिवसापासून त्यांना अन्न गोड लागेना.

आणि मंडळी, देवाची कृपा, पोरगा सुट्टीवर येऊन गेला, वनिताला पुन्हा दिवस गेले. कोंडिबांनी ठरवलं — आता परक्याच्या गाडीची वाट बघायची नाही. गाडी आपल्या दारात पाहिजे. चालवायला त्यांना येत होतीच. नवी घ्यायची ऐपत नाही. मग जुनी!

जुनी गाडी घ्यायची म्हटली की एजंट आलाच. याचं नाव काय असावं? हरिश्चंद्र! आईबापांनी काय आशेनं ठेवलं असेल बिचाऱ्यांनी. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! हा हरिश्चंद्र कोंडिबांना म्हणाला, गाडी एकदम झकास आहे, पण मालकाला आपली नड सांगू नका. नड कळली की भाव चढतो. कोंडिबांना पटलं. ठीक आहे म्हणाले, नाही सांगत.

आता गाडी कुणाची, तर तळवड्याच्या हैबततात्या पिसाळांची. तात्या म्हणजे जुना माळकरी माणूस. नजर अधू झाली, गाडी चालवणं सुटलं. आणि घरात अनुसाकाकू. काकूंचे गुडघे गेलेले. भजनाला जायच्या तर सगळ्या बायका खाली सतरंजीवर, आणि काकू एकट्या खुर्चीवर. त्यांना त्याची फार लाज वाटायची. देवापुढं आपण उंच बसायचं, म्हणजे काय! गाडी विकायची आणि त्या पैशात काकूंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन करायचं, असं तात्यांनी ठरवलेलं.

पण गाडी होती आजारी! सपाटीला पळायची चांगली, चढ आला की तापायची. तापली की बंद! गॅरेजवाल्यानं सांगितलेलं, तात्या, इंजिनात पाणी शिरतंय, सगळं इंजिन खोलून बांधावं लागेल. तात्यांनी हे हरिश्चंद्राला सांगितलं. आणि हरिश्चंद्र काय म्हणाला? नीट ऐका, कलियुगाचं अख्खं शास्त्र आहे यात!

"तात्या, तुम्ही माळकरी. खोटं बोला असं मी म्हणणार नाही, मला पाप लागेल. तुम्ही फक्त गप्प बसा."

काय बुद्धी आहे! पापही लागायचं नाही आणि गाडीही खपायची! तात्या त्यावर काहीच बोलले नाहीत. माणूस कितीही चांगला असू द्या, घरातली बायको भिंत धरून चालताना रोज दिसते ना मंडळी, तेव्हा मन थोडं इकडं-तिकडं होतंच.

ठरल्या दिवशी हरिश्चंद्रानं गाडी धुतली, पुसली, नवरीसारखी नटवली. रेडिएटर काठोकाठ भरला. कोंडिबांना बसवून चक्कर मारून आणली — कुठून? कालव्याच्या कडेनं! रस्ता तळहातासारखा सपाट! गाडी अशी पळाली की कोंडिबा खूष. आले तात्यांच्या दारात. तात्या बाहेर आले. आणि कोंडिबांना दिसली — तात्यांच्या गळ्यातली तुळशीची माळ! कोंडिबांच्या गळ्यातही माळ!

मग काय व्हायचं ते झालं! माळकरी माळकऱ्याला भेटला की काय करतो? पाया पडतो! हे वाकले, ते वाकले, दोघं एकदमच वाकले — डोक्याला डोकं लागायचं थोडक्यात वाचलं! "माउली!" "माउली!" हरिश्चंद्र बाजूला उभा राहून बघतोय, ह्यांचं संपतं कधी म्हणून.

नंतर तो आपला उगाच, रीत म्हणून म्हणाला, पाहुणे, बोनेट उघडून बघून घ्या. आणि इथं कोंडिबांनी जी चूक केली, ती फक्त आपली माळकरी माणसंच करू जाणोत! ते म्हणाले, "ज्यांच्या पाया पडलो, त्यांची गाडी तपासू व्हय? माळ बघितली, गाडी बघितल्यावानीच हाय."

अरे कोंडिबा! अहो, देवावर भरवसा ठेवावा, पण बोनेट उघडून बघावं! माळ गळ्यात घातली म्हणून डोळे काढून ठेवायला कोणत्या संतानं सांगितलंय? — पण मी हसतो खरा, आतून मला त्या माणसाचा हेवा वाटतो. इतका भरवसा टाकायलाही छाती लागते, मंडळी.

ओटीवर बसले. काकूंनी चहा आणला — एका हातात बशी, दुसरा हात भिंतीला. कोंडिबांनी नारळ पुढं ठेवला, इसाराचे पैसे रुमालात बांधून आणलेले, ते तात्यांच्या समोर ठेवले. हात जोडले. झालं! तात्यांनी फक्त हात पुढं करायचा. कुणी खोटं बोललेलं नाही. कुणी काही विचारलेलं नाही. हरिश्चंद्र तर नारळ फोडायला दगड शोधायला लागला!

तात्यांचा हात पुढं जाईना.

त्यांनी काकूंकडं बघितलं. काकू दाराच्या चौकटीला टेकून उभ्या. गाडीचं दुखणं काकूंना ठाऊक होतं. स्वतःचं दुखणं तर ठाऊक होतंच! त्या माउलीनं काय करावं? ती एवढंच म्हणाली, "मामंजींनी बैल विकला तेव्हा बाजारात काय सांगितलं होतं, ते मला अजून आठवतंय."

अहो, बैलबाजारात आपल्या जुन्या माणसांची रीत होती. बैल मारका असेल, बसका असेल, तर खोड आधी सांगायची, मग दाव्याला हात लावू द्यायचा. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल! आणि हे कोण बोलतंय, मंडळी? जिचे गुडघे त्या पैशावर अडकलेत, ती बोलतेय! मला सांगा, तपश्चर्या तपश्चर्या म्हणतात, ती याहून वेगळी असते का हो?

तात्या उठले. कोंडिबांना घेऊन गाडीपाशी गेले. स्वतःच्या हातानं बोनेट उघडलं, ऑइल बघायची पट्टी ओढून काढली आणि तिच्यावरून बोट फिरवून ते कोंडिबांच्या डोळ्यांपुढं धरलं.

"माउली, हे ऑइल. काळं पायजे, ते दुधावानी झालंय. आत पाणी शिरतंय. चढाला ही गाडी तापणार आणि तुम्हाला मधीच सोडणार. इंजिन सगळं खोलून बांधाय लागंल. मी सांगितलं नसतं तर तुम्हाला कळलं नसतं. आता काय ते ठरवा."

हरिश्चंद्रानं कपाळावर हात मारला!

आणि कोंडिबा? कोंडिबा मटकन ओटीवर बसले. चेहरा पांढरा फटक. तात्या घाबरले, पाणी आणा म्हणाले. दोन घोट पाणी पोटात गेल्यावर कोंडिबांना तोंड फुटलं. एजंटानं सांगू नका म्हटलेलं सगळं त्यांनी सांगून टाकलं. खिंड सांगितली. गेल्या सालचं लेकरू सांगितलं. वनिताला आता कितवा महिना तेही सांगितलं. आणि मग म्हणाले, "तात्या, तुम्ही न बोलता हात पुढं केला असता, तर त्याच चढाला पुन्यांदा तेच झालं असतं."

काकू पदरानं डोळे पुसत होत्या. बघा मंडळी, तात्यांना हे ठाऊक होतं का? लेकराचा जीव त्यात आहे हे कळलं असतं तर कुणीही बोललं असतं, चोरसुद्धा! तात्या काही ठाऊक नसताना बोलले. त्यांना फक्त एवढं ठाऊक होतं, की हा माणूस विचारत नाहीये, कारण त्याचा आपल्यावर भरवसा आहे. मी त्या माणसापुढं लोटांगण घालतो ते एवढ्यासाठी!

आता तुम्ही म्हणाल, संपली गोष्ट. कोंडिबा रुमाल उचलून घरी गेले! हरिश्चंद्रही तेच म्हणाला. चला पाहुणे, दुसऱ्या गावात दुसरी दाखवतो, आरशासारखी चकाचक! पण कोंडिबा जागचे हलेनात. ते तात्यांना म्हणाले, आणखी काय काय बिघडलंय ते सगळं सांगा. तात्या सांगायला लागले. मागचं दार नीट लागत नाही. डावीकडची काच अडकते. पाऊस पुसायचा वायपर हात दिल्याशिवाय हलत नाही! सगळं ऐकून घेतल्यावर कोंडिबांनी विचारलं, आणि चांगलं काय आहे? तात्या म्हणाले, खालचा सांगाडा गंजलेला नाही, गाडी कधी कुठं आदळलेली नाही, ब्रेक नवे टाकलेत. वाकून बघा. आता मात्र कोंडिबा वाकले बरं का! गाडीखाली शिरून बघितलं, ठोकून बघितलं. शहाणा झाला माणूस!

बाहेर येऊन अंगावरची माती झटकली आणि म्हणाले, "इंजिन बांधता येतं. सांगाडा कुजला तर बांधता येत न्हाय. दुसरीकडं गेलो तर गाडीची खोड कळायची न्हाय आन् माणसाचीबी. हीच घेतो. पण इंजिन बांधल्याबिगर तिला वाडीवर न्यायची न्हाय."

इंजिनकामाचं वजा करून मग भाव ठरला. किती ठरला? अहो, तुम्हाला काय करायचंय! कमी ठरला, एवढं पुरे. गाडी गॅरेजात गेली, इंजिन उतरलं. कोंडिबा दर बाजाराला जाऊन बघायचे. तात्या अधू नजरेनं चाचपडत स्वतः जाऊन तिथं बसायचे — विकलेल्या गाडीच्या राखणीला! गाडी वाडीवर आली तेव्हा कोंडिबांनी आधी ती रिकामी खिंडीवर चढवून आणली. पुन्हा चढवली. मगच दारात लावली.

आणि एका सकाळी वनिताला कळा सुरू झाल्या. गाडी निघाली. खिंडीचा चढ आला. वनितानं डोळे मिटून घेतले. डोळे उघडले तेव्हा खिंड मागं पडली होती, गाडी उताराला लागली होती! दवाखान्यात मुलगी झाली. ठणठणीत! आवाज असा, की आमच्या पेटीवाल्यांनी सूर लावावा!

बारशाला त्याच गाडीतनं तात्या आणि काकूंना आणलं. आता विचारा, काकूंच्या गुडघ्यांचं काय? देवानं चमत्कार केला? नाही, मंडळी! मी उगाच गोड करून सांगणार नाही. पैसे कमी आले, ऑपरेशन राहिलं. काकूंना बारशातही खुर्चीच द्यावी लागली. त्या पुन्हा संकोचल्या. तेव्हा वनिता उठून उभी राहिली. ती उठली म्हणून बाकीच्या उठल्या. वाडीतल्या सगळ्या बायकांनी पाळणा उभं राहून म्हटला, आणि अनुसाकाकू मधोमध खुर्चीत बसून लेकराला झोका देत होत्या.

आता तुमच्याकडं येतो. गाडी विकणारे थोडे असाल, पण गप्प बसणारे? जमिनीचा व्यवहार केलात — विहीर उन्हाळ्यात आटते, हे सांगितलंत? पोरीचं लग्न जमवलंत, पोराचं जमवलंत — सांगायचं ते सगळं सांगितलंत? भावाला सांगितलंत, की आई शेवटी त्याचंच नाव घेत होती? नाही ना? का? "त्यानं विचारलं नाही!" अहो, तो विचारत नाही, कारण त्याचा तुमच्यावर भरवसा आहे! त्याच भरवशाचं आपण पांघरूण करून घेतो आणि खाली खोड झाकतो. देवापुढं तरी दुसरं काय करतो? गंध लावून उभे राहतो, बोनेट बंदच!

गजर आता नको. आरतीही थांबू द्या, देव कुठं पळून जात नाही. ज्याचं असं एखादं वाक्य कुणापाशी सांगायचं राहिलं असेल, त्यानं आत्ता उठावं, जावं आणि सांगून यावं. मी इथं उभा आहे. कुणी मागं वळून बघणार नाही.

— बघू नका म्हटलं ना! उठलाय एक जण. जाऊ द्या त्याला, वाट द्या. पेटीवाले, सूर धरून ठेवा. तो येईपर्यंत आपण थांबू.